सातव्या भागातला धोटा

आज पाचवा दिवस, म्हणजे पाणी रात्री दीडनंतर कधीही.
म्हणून आम्ही चौघं जागे, विडी घरकुलच्या मागच्या ओळीत,
गच्चीवर.
मुझम्मिलचा मोबाईल टाकीला टेकवलेला,
मध्ये वर्तमानपत्रावर शेंगा चटणी
आणि कडक भाकरीचे तुकडे.

मालिका संपून नऊ दिवस झाले.
भांडण चालूच आहे.

"बारावा भाग घाईत उरकला बे," सिद्धलिंग म्हणतो,
"अकरा भाग पोरीला डोंगर चढवला,
आटलेल्या नदीसाठी शेला विणायला लावला,
आणि शेवटी दोन मिनिटांत नदी हजर?
आपल्याकडं टँकरसुद्धा एवढ्या लवकर येत नाही."
मुझम्मिल म्हणतो, "हौ, पण बर्फ बघ ना बर्फ!
एक कण दुसऱ्यासारखा पडत नाही."
आमच्यापैकी कुणी बर्फ पडताना पाहिलेलं नाही.
पाहिलाय तो रसवंतीवर,
भुशात गुंडाळलेला, गोणपाटाखाली.

मी शेवटाला रडले होते.
ते सांगत नाही.
"दहापैकी साडेसात," म्हणते,
आणि चटणीतला लसूण शोधत बसते.

कान जपानी ऐकतात, डोळे इंग्रजी वाचतात,
भांडण मराठीत,
आणि अम्मानं खालून विचारलं की उत्तर तेलुगूत.
मधल्यामध्ये काय काय सांडत असेल,
कुणी मोजलेलं नाही.

अंबादास इतका वेळ गप्प.
अंबादास यमुल, रात्रपाळीचा,
आज सुट्टी, कारण कारखान्यात वीज नाही.
तो म्हणतो, "सातव्या भागात धोटा चुकलाय."

"काय?"

"डावीकडून उजवीकडं जातो.
परत डावीकडूनच निघतो.
मध्ये माघारी आलाच नाही.
चव्वेचाळीस फेरे मोजले मी.
परतीचा एक नाही."

आम्ही लावून बघतो. एकदा. मग हळू करून.
पोरीचा हात, दिव्याचा पिवळा उजेड,
धोटा जातो. जातो. जातो.
नऊ दिवस आम्ही जिला सगळ्यात सुंदर म्हणत होतो
त्या विणण्यात
कापड होणारच नव्हतं.

"पैसे वाचवलेत," सिद्धलिंग खूश होतो,
"एकच चित्र फिरवलंय. सांगत होतो ना मी!"
"नक्को बोलू," मुझम्मिल चिडतो,
"तिथं पण कुणीतरी रात्री दोनला बसून काढलं असेल, डोळे चोळत."

अंबादास कुणाच्याच बाजूनं नाही.
बोटानं पडदा थांबवतो, खालचा कोपरा मोठा करतो.
"हिचा पाय बघा.
पावडीवर कसा पडतो, आधी टाच, मग चवडा.
आमच्या बापाचा असाच पडायचा, खड्डामागावर.
हात काढणाऱ्यानं माग बघितलेला नाही.
पाय काढणारा
मागावर बसलाय, नाहीतर कुणाशेजारी तरी बसलाय."

यावर कुणाला काही सुचत नाही.
मी पायच बघत राहते.
साडेसात कशाचे दिले होते, आठवत नाही.

अम्मा वर येते, हाताला तंबाखूचा वास,
हजार विड्या आजच्या झालेल्या.
वाकून मिनिटभर बघते.
"हिच्या केसात तूस कुठंय?"
एवढंच म्हणते, आणि भाकरीचा तुकडा उचलून खाली जाते.

सिद्धलिंग हसतो तो हसतच सुटतो.
अंबादास म्हणतो, "बरोबर आहे की. लिहून ठेव."

"मग किती देतोस तू?"
"नऊ."
"एवढं सगळं चुकून नऊ? आणि शेवट?"
"शेवट बघितला नाही अजून."
"काय बे!"
"सातव्यावरच आहे मी. रोज तोच लावतो.
नदी परत येते हे तुमच्या ओरडण्यातून कळलं."

मुझम्मिल डोक्याला हात लावतो.
"सॉरी यार," मी म्हणते.
तो म्हणतो, "येऊ दे की. कशी येते ते बघायचंय अजून."

खाली नळातून आधी नुसती हवा येते,
खोकल्यासारखी.
मग समोरच्या ओळीत कुणाची तरी बादली वाजते,
आणि अम्मा हाक मारते,
मोटार लावा, मोटार.
आम्ही तिघं पळतो.
अंबादास मोबाईल उचलतो, भाग आठवा,
पुन्हा मागे नेतो, सातवा.